आधी गोगलगाय गेली

रांजणगावात ही गोष्ट शेंबड्या पोरालाही पाठ असते. त्रिपुरासुराला मारायला महादेव निघाले आणि निघायच्या घाईत गणपतीला नमस्कार करायचा राहून गेला. लढाई जुंपली, बाण सुटत राहिले, पण कामाचा एकही ठरेना. मग चूक उमगली, गणपतीची आराधना झाली, आणि एकाच बाणात तिन्ही पुरं जळाली. त्या ठिकाणी महागणपतीची स्थापना झाली असं गाव मानतं. अष्टविनायकाला निघालेले लोक गाडीतून उतरतात, दर्शन घेतात, पेढे घेतात आणि पुढच्या गणपतीच्या वाटेला लागतात. एवढ्या घाईत ही गोष्ट ऐकायला कुणाला वेळ असणार?

इथल्याच एमआयडीसीत मेन्टेनन्सचे एक साहेब होते. फ्रिज आणि वॉशिंग मशीन बनवणाऱ्या बड्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणारा त्यांचा कारखाना. लाईन बंद पडली की नवी पोरं टूलबॉक्स उघडून दिसेल तो नट ढिला करायला धावायची. साहेब कमरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि म्हणायचे, "पाना खाली ठेव. आधी रजिस्टर आण." रजिस्टरात काय बघायचं तेही ठरलेलं. मशीन बंद पडायच्या आधी शेवटचं काय बदललं? ऑइल, बेअरिंग, शिफ्ट, माणूस, काहीही. आणि दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार बदलल्या आणि मशीन चालू झालं, तर ते कशानं चालू झालं हे कळत नाही. न कळता चालू झालेलं मशीन महिन्याभरात पुन्हा बसतं.

या साहेबांना मालवणात एक नाद लागला. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ मास्क लावून त्यांनी पाण्यात तोंड घातलं, खाली जिवंत प्रवाळ दिसलं, आणि माणूस वेडा होऊनच घरी आला. वर्षभर वाचन केलं, पैसे साठवले आणि हॉलमध्ये तीन फुटी टाकी बसवली. साधारण 190 लिटर खारं पाणी, निळसर दिवे, दगड, वाळू, दोन नारिंगी मासे. आईनं विचारलं, "हे पोवळं का? मंगळाच्या अंगठीतलं?"

"त्याच्याच नात्यातलं. पण हे जिवंत आहे."

"पोवळं जिवंत असतंय व्हय?"

असतं. प्रवाळ म्हणजे अगदी लहान प्राण्यांची वसाहत. पुष्कळ प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शैवालं भाड्यानं राहतात, उजेडावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा भाडं म्हणून घरमालकाला देतात. पाणी तापलं किंवा बिघडलं की हा संसार मोडतो. भाडेकरू बाहेर पडतात, घरमालक पांढरा पडतो आणि फार दिवस गेले तर उपाशी मरतो.

जाता जाता एक सांगायला हवं, कारण हे न सांगता विकणारे बरेच असतात. दगडी सांगाडा बांधणारी प्रवाळं, समुद्रपंखे, काळं प्रवाळ ही आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. साहेबांना हे ठाऊक होतं. म्हणून त्यांच्या टाकीत फक्त मऊ जाती होत्या: छत्रीसारखं पसरणारं एक लेदर, चार-पाच मश्रूम आणि बटणांसारखी उघडझाप करणारी झोअँथिड. सोबतीला काच साफ करणाऱ्या सहा गोगलगायी आणि माशांच्या अंगावरची घाण टिपणारी एक लाल-पांढरी कोळंबी.

वर्ष झकास गेलं. पाहुणे आधी टाकी बघायचे, मग चहा घ्यायचे.

उन्हाळा लागला आणि साहेबांनी पाण्यावर वारा घालणारे दोन छोटे पंखे बसवले. पाणी 26 अंशांवर राहिलं, पण वाफ वाढली. रोज तीन लिटर पाणी उडून जायचं. पाणी उडतं, मीठ उडत नाही, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची; हे नवशिक्यांना माहीत नसतं, साहेबांना होतं. स्वयंपाकघरातल्या आरओ मशीनचं तीन लिटर पाणी रोज सकाळी आत जायचं.

एप्रिलच्या शेवटी एक गोगलगाय काचेवरून खाली पडली. साहेबांनी ती उचलून टाकून दिली. म्हातारी झाली असेल. चार दिवसांनी आणखी दोन. मग कोळंबी वाळूवर आडवी दिसली. त्यानंतर लेदरनं छत्री मिटली ती उघडेचना, आणि झोअँथिडची बटणं एकेक करून बंद झाली. मासे मात्र ठणठणीत, दाणे टाकले की तुटून पडत.

आणि कारखान्यात पोरांना पाना खाली ठेवायला लावणाऱ्या माणसानं घरी एकदम सगळे पाने उचलले.

सोमवारी वाटलं उजेड कमी पडतोय, दिवे वाढवले. मंगळवारी वाटलं उजेड जास्त झाला, दिवे कमी केले आणि टाकीची जागाच बदलायचा घाट घातला. बुधवारी कॅल्शियमची बाटली. मऊ प्रवाळाला कॅल्शियमची तेवढी भूक नसते, पण बाटली घरात होती. गुरुवारी प्रवाळाचं खाद्य दुप्पट, त्यानं काचेवर तपकिरी थर चढला. शुक्रवारी झोअँथिड काढून आयोडीनच्या पाण्यात बुडवून परत ठेवली. शनिवारी पुण्याहून महागडं मीठ आणून अर्ध्या टाकीचं पाणी एकदम बदललं. क्षारता मोजणारं रिफ्रॅक्टोमीटर खोटं बोलतंय असं वाटून दुसरं मागवलं. दोन्हींनी एकच आकडा दाखवला, तेव्हा साहेब दोघांवरही चिडले.

आई सोफ्यावर बसून हे पाहत होती. रविवारी म्हणाली, "आरं, महादेवाचंबी बाण फुकट गेलं व्हतं. किती मारशील?"

"आई, तुला यातलं कळत नाही."

"नाही बाबा. मला कुठलं कळायला."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी कारखान्यातला एक शिकाऊ पोरगा स्टॅबिलायझर पोचवायला घरी आला. आयटीआय करून आलेला, वर्षभर साहेबांची बोलणी खाल्लेला. टाकी बघून तो हळहळला आणि मग त्यानं जे विचारलं ते साहेबांनीच त्याच्या डोक्यात भरलेलं होतं.

"साहेब, रजिस्टर कुठंय?"

"कसलं रजिस्टर? ही काय लाईन आहे?"

पोरगा गप्प बसला नाही. "मग आठवून सांगा. आधी कोण गेलं?"

"गोगलगाय."

"नंतर?"

"कोळंबी. मग प्रवाळ."

"आणि माशांना काहीच नाही? म्हणजे असं काय आहे, जे गोगलगायीला मारतं आणि माशाला चालतं?"

साहेबांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. उत्तर त्यांना माहीत होतं. टाकीत मासे पाळणाऱ्या कुणालाही माहीत असतं. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके पडण्याचा रोग होतो, त्यावर तांब्याचं औषध देतात, आणि बाटलीवर सूचना असते की गोगलगायी, कोळंब्या, प्रवाळ असतील तिथे हे घालू नका. औषधाची मात्रा लिटरला 0.2 मिलिग्रॅमच्या आसपास असते. माशाला तेवढं सोसतं. बिनकण्याच्या जिवांचा तेवढ्यात खेळ संपतो.

"पण मी तांबं घातलेलंच नाही," साहेब म्हणाले. कपाटातली ती बाटली काढून दाखवली. सील तसंच.

"मग शेवटचं काय बदललं?"

साहेबांनी बोटं मोजली. पंखे. दिवे. कॅल्शियम. मीठ. पण पंखे सोडले तर हे सगळं गोगलगायी मेल्यानंतरचं. त्याआधी काय, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. रजिस्टरावाचून पोरांची खरडपट्टी काढणाऱ्या माणसाकडे स्वतःच्या टाकीची एक चिठ्ठीसुद्धा नव्हती.

पोरानं इकडेतिकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या दाराशी कॅलेंडर लटकत होतं. मराठी घरातलं खरं रजिस्टर तेच. दुधाचे खाडे, सिलिंडर लागल्याची तारीख, चतुर्थी, धोब्याचे कपडे, कुणाचं बारसं. पोरगा पान उलटून एप्रिलवर गेला. पाडव्यानंतरच्या आठवड्यात एका चौकोनात आईचं बारीक अक्षर होतं: मशीनची कांडी बदलली. तांब्याची.

"आजी, ही कुठली कांडी?"

"पाण्याच्या मशीनची. सर्व्हिसवाला आला व्हता. म्हणाला, साधी टाकू का तांब्याची? मी म्हणलं तांब्याची टाक. पूर्वी आपण हंड्यातलंच पाणी प्यायचो की. ह्याला पित्त हाय ना."

हल्ली अशा मशिनी घरोघरी आहेत. शेवटच्या टप्प्यात पाणी तांबं असलेल्या कार्ट्रिजमधून जातं आणि थोडं तांबं घेऊन ग्लासात उतरतं. माणसाला त्याचं काही नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, तांब्याची मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे आणि दुसरं पाणीच नसेल तर 1.5 पर्यंत मुभा आहे. आता हा दुसरा आकडा माशांच्या औषधाच्या मात्रेशेजारी ठेवून पाहा. जे पाणी माणसाला चालतं, त्यात गोगलगाय जगेलच असं नाही.

त्यात टाकीचं गणित वेगळं. रोज तीन लिटर पाणी वाफ होऊन जायचं आणि तांबं मिठासारखंच मागे राहायचं. या हिशेबानं साठ दिवसांत 180 लिटर पाण्यातलं तांबं 190 लिटरच्या टाकीत जमतं. शनिवारचं अर्ध्या टाकीचं नवं पाणी तरी कुठून आलेलं? महागडं मीठ कालवलेलं ते याच मशीनचं. साहेब रोज टीडीएस मीटर बुडवून बघत. आकडा पूर्वीएवढाच यायचा, कारण तो मीटर पाण्यात एकूण किती विरघळलंय याचा अंदाज देतो, काय विरघळलंय ते सांगत नाही.

साहेबांनी लगेच कार्ट्रिज उपटून फेकायला हात घातला. पोरगा म्हणाला, "साहेब, आधी टेस्ट." तांब्याचं टेस्ट किट यायला तीन दिवस लागले, आणि ते तीन दिवस टाकीत काहीही घालायचं नाही असं ठरलं. साहेबांना आयुष्यात एवढं जड काही गेलं नसेल. किट आलं. मशीनच्या पाण्यानं स्पष्ट रंग दाखवला, टाकीच्या पाण्यानं फिका, पण दाखवला.

मग बदल झाला तो फक्त पाण्यात. टाकीसाठी वेगळी जोडणी आली: आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिन, म्हणजे मीटरवर शून्य येणारं पाणी. महिनाभर बाकी सगळं जागच्या जागी ठेवलं. दिव्यांना, खाद्याला, बाटल्यांना हात नाही. पाणी दर आठवड्याला थोडं थोडं बदललं आणि फिल्टरमध्ये तांबं शोषणारा पांढरा पॅड ठेवला. दहा दिवसांनी पॅड काढला तर निळसर झाला होता. पोरानं त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवलाय. नव्या शिकाऊ पोरांना तो दाखवतो आणि कुठल्या मशीनचा म्हणून विचारतो.

सगळं वाचलं नाही. झोअँथिड निम्म्याहून जास्त गेली. दगडांनीही तांबं प्यायलेलं असतं आणि ते सावकाश सोडत राहतात, म्हणून नव्या गोगलगायी आणायची घाई करता आली नाही. लेदरनं तीन आठवड्यांनी अंगावरची मेणचट कात टाकली. हे ते एरवीही करतं, पण साहेबांना वाटलं आता संपलं, आणि हात पुन्हा बाटलीकडे गेला. आई म्हणाली, "बस खाली." दुसऱ्या दिवशी दुपारी छत्री उघडली.

आईला मात्र लागून राहिलं होतं. "माझ्यामुळं मेली म्हण की ती बिचारी." साहेब काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू लिहून ठेवलं होतंस. मी बघितलं नाही."

स्वयंपाकघरातली कांडी तांब्याचीच आहे. आई ते पाणी पिते, साहेबही पितात. टाकीशेजारी आता दोरीनं बांधलेली वही लटकते. तिच्यात तारीख, तापमान, क्षारता, काय घातलं, काय बदललं हे साहेब लिहितात, आणि घरात नवीन काही आलं तर ते आई लिहिते, मग ती फिनेलची बाटली असो की धुपाचा पुडा. भाद्रपदात यात्रा भरली त्या आठवड्यात तिच्यात एक ओळ पडली: गोगलगायी आणल्या, पाच. महिन्याभरानं पोरगा आला आणि त्यानं काचेवर मोजल्या. पाचच्या पाच होत्या.