पंख्याची वायर कुणाला विचारून उपटलीस?

काय म्हणालास? पंख्याच्या आवाजाने झोप लागेना, म्हणून त्याची वायरच उपटलीस? शाबास! माझ्याच वर्गात बसून इलेक्ट्रिकलची पदवी घेतलीस ना रे? अमेरिकेत आरव्ही, ते चाकांवरचं घर, घेऊन हिंडताना अक्कल कुठे गहाण टाकलीस?

आणि आता ‘सर, पहाटे हीटर बंद पडला’ म्हणून फोन! दुसरं काय होणार? त्या गाडीतले दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा ब्लोअर, सगळं 12 व्होल्ट डीसीवर. कॅम्पग्राउंडच्या खांबावरून येतात 120 व्होल्ट एसी. मधे बसलाय तो कन्व्हर्टर. इन्व्हर्टर नव्हे! मघापासून दोनदा म्हणालास. त्याचं काम बरोबर उलटं.

55 अँपिअरचा आहे ना? 13.6 व्होल्टने गुण. 748 वॅट. कार्यक्षमता 85 टक्के धर. आत किती जायला हवेत? तोंडी सांग! 880. मग वरचे 132 वॅट कुठे गेले? त्या एवढ्याशा पत्र्याच्या डब्यात उष्णता होऊन बसले. ती बाहेर काढायला पंखा. डबा तापला की सेन्सर तो लावतो, निवला की थांबवतो. लोड नसला तर तासन्‌तास फिरणार नाही, आणि तो बिघाड नव्हे.

मग काल रात्रीच का कोकलत होता? दोन दिवस रानात राहून बॅटरी पार उतरवलीत आणि संध्याकाळी प्लग खोचलात. रिकामी बॅटरी भसाभसा करंट ओढणार, वर ब्लोअर चालू. थर्मामीटर फोडला की ताप उतरतो होय? पंखा गेला, कन्व्हर्टर तापला, स्वतःला वाचवायला त्याने आउटपुट तोडलं. अर्धवट भरलेली बॅटरी ब्लोअरने पहाटेपर्यंत चाटूनपुसून संपवली.

थांब, फोनचा कॅमेरा जरा खाली धर. कन्व्हर्टरच्या जाळीसमोर अंथरुणं कोंबलीत? काढ आधी! हवा काय तुझ्या डोक्यातून येणार?

आणि काल झाकण उघडलंस ते प्लग काढून किती वेळाने? लगेच? अरे, आतला कपॅसिटर 170 व्होल्टपर्यंत भरलेला असतो! हात शाबूत आहे हे नशीब समज. आता खांबावरचा ब्रेकर पाड, प्लग काढ, बॅटरीची निगेटिव्ह सोडव, आणि चांगला थांब. मग पंख्याची वायर होती तशी जोड. बॅटरी लावताना तारा उलट केल्यास तर रिव्हर्स पोलॅरिटीचे फ्यूज उडतील, मग पुन्हा मला फोन करू नकोस.

झालं की प्लग लाव आणि बॅटरीच्या टोकांवर मीटर धर. 13.2 ते 14.4 मध्ये आकडा आला तर कन्व्हर्टर वाचला.

काय? मीटरच नाही? एवढी हजारो डॉलरची गाडी घेतलीस आणि वीस डॉलरचा मीटर नाही?