देवळाची किल्ली



दत्तमहाराजांचा नित्यक्रम आपल्याला तोंडपाठ आहे. स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला, निद्रा माहूरला. म्हणजे स्वतःचं असं घर कुठंच नाही. आपल्या पाथरी तालुक्यात गुंजेला गोदाकाठी ज्यांची समाधी आहे त्या योगानंद सरस्वतींचे गुरू टेंबेस्वामीही तसेच. चातुर्मास संपला की पायी पुढच्या वाटेला. पण झोळी, फाटकं वस्त्र, मागं कुत्री, असा कुणी परभणीच्या स्टेशनाबाहेर बसला तर आपण त्याला काय म्हणतो, ते लिहायला नको. 1959 च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्यात तर त्याला पकडायचीही सोय आहे.

काही वर्षांमागं दत्तजयंतीच्या रात्री पंगती उठल्या. गल्लीतल्या देवळाची किल्ली माझ्याकडं होती. एक म्हातारा खांबाला टेकून बसलेला. "मालक, आजची रात पडू द्या हितं," म्हणाला. मी विचारलं, गाव कुठलं? आधारकार्ड आहे का? दारू घेतलीस का? त्याला धड उत्तर देता येईना. आत चांदीच्या पादुका, समया. मी हात जोडून त्याला बाहेर काढलं आणि कुलूप लावलं. मार्गशीर्षातली आपल्याकडची थंडी परभणीकरांना काय सांगावी! घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "अरं, दत्तच आला असंल तर?"

पहाटे जाऊन पाहिलं. पायरीवर कुणी नव्हतं.

आईच्या त्या बोलण्यानं कितीतरी दिवस जीव लागेना. पण हळूहळू वाटू लागलं, की दत्त असेल म्हणून आत घ्यायचं, तर दत्त नसेल त्याचं काय? नाथांना देव मलंगाच्या वेशात भेटले. गुरुचरित्रात गरिबाच्या घरी घेवड्याची भाजी खाऊन स्वामींनी वेल उपटला आणि खाली द्रव्याचा कुंभ निघाला. या कथा ऐकून आपण नको तेवढे हुशार झालो. दारातल्या माणसात देव चाचपून बघतो, सापडला तर आपलाच लाभ. माझा म्हातारा बहुधा दत्त नव्हता. त्याला थंडी वाजत होती, एवढंच त्याचं खरं होतं.

या गोष्टीचा उलगडा मला दत्तसंप्रदायाबाहेरच्या एका माणसाकडून झाला, वाचकांनी राग मानू नये. गाडगेबाबा. पंढरीला जाऊन हा माणूस देवळात न शिरता वाळवंट झाडायचा. ज्यांना दुसऱ्या कुठल्या धर्मशाळेत पाऊल ठेवू देत नव्हते, त्या अस्पृश्य वारकऱ्यांसाठी त्यांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली. पुढं 1949 साली ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. नाशिक, देहू, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा झाल्या. 1952 साली त्यांच्या कामासाठी मिशन स्थापन झालं. दशसूत्रीत बेघराला आसरा हे एक सूत्र आहे. तो बेघर कोण असावा, याची अट नाही. इतक्यांच्या डोक्यावर छप्पर घालून बाबा स्वतः मात्र 20 डिसेंबर 1956 ला अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ, प्रवासातच गेले. त्या वर्षीची दत्तजयंती नुकतीच होऊन गेली होती.

हे सगळं पुस्तकी राहिलं असतं. पण मेव्हण्यांच्या गालाला गाठ आली आणि मुंबईला टाटा हॉस्पिटल गाठावं लागलं. बाहेर फुटपाथवर आपल्याच मराठवाड्याची बोली ऐकू आली. चादरी, स्टोव्ह, रिपोर्टांच्या पिशव्या घेऊन माणसं पडलेली. आम्हाला दादरला गाडगेमहाराज धर्मशाळेत जागा मिळाली. कागद तिथंही बघतात, बघावेच लागतात. खाटा मोजक्या आणि रोगी फार. पण तंबाखू का खाल्लीत, हे मेव्हण्यांना कुणी विचारलं नाही. मला मात्र माझा प्रश्न आठवला, "दारू घेतलीस का?" आणि मी जिन्यात जाऊन बसलो.

आता जयंतीच्या आठवड्यात आम्ही सभामंडप रात्री उघडा ठेवतो. पादुका-समया कपाटात जातात, घोंगड्या बाहेर येतात. पहिली दोन वर्षं मीच तिथं झोपलो, खरं सांगायचं तर राखणीलाच. गेल्या साली दोन घोंगड्या गेल्या. एक विश्वस्त म्हणाले, "बघा, म्हणलं नव्हतं?" दुसरे म्हणाले, "घोंगडी नेणाऱ्याला थंडीच वाजत असंल." कुलूप पुन्हा लावायचं की नाही, यावर येत्या एकादशीला बैठक आहे. आई आता नाही. किल्ली अजून माझ्याकडंच आहे.