‘मर’ : एक ध्वनी, तीन अर्थ

मराठीत ‘मर’ हे आज्ञार्थी रूप मृत्यू सुचवते. द्राविडी कुळातील कन्नडमध्ये ‘मर’ म्हणजे झाड. आणि मढचा किल्ला बांधणाऱ्या पोर्तुगीजांच्या भाषेत जवळपास हाच उच्चार समुद्राचा वाचक ठरतो. चिन्ह यादृच्छिक असते, या सोस्यूरच्या (१९१६) सिद्धान्ताला एवढा पुरावा पुरेसा वाटेल. प्रश्न मात्र नैतिकही आहे. यादृच्छिकता भाषांच्या तुलनेत दिसते. एकाच भाषेत जगणाऱ्याला ती जाणवत नाही. म्हणूनच कन्नड भाषकाच्या झाडातही मराठी कानाला आधी मरण ऐकू येते. कोळ्यांचा ‘दर्या’ मूळचा फार्सी; सवयीने तो त्यांचा झाला. स्वकीय अर्थही असा सवयीचाच असतो, हे ओळखून त्याला क्षणभर थोपवणे ही ऐकणाऱ्याची जबाबदारी होय.