अंगणांतील रंग आणि घागरीचें पाणी

परभणीसारख्या गांवीं घर बांधून झालें आणि भोंवतीं थोडी जागा उरली, कीं गृहस्थाच्या मनांत रंगाचा विचार येतो. बारा महिने दारीं कांहीं तरी फुललेलें असावें, ही इच्छा निर्दोष दिसते. परंतु जेथें वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आटोपतो आणि वैशाखांत पारा ४० अंशांच्या वर चढतो, तेथें रंग निवडणें म्हणजे पाणी निवडणें होय. शेजारच्या लातूर शहराला २०१६ सालीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. अशा मुलुखांत गुलाबाच्या मुळाशीं ओतलेली घागर केवळ आपलीच असते काय?

गुलाबाची प्रकृति पाहा. आमची काळी जमीन पावसांत फुगते व पाणी धरून ठेवते. उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात आणि नाजूक मुळें तुटतात. गुलाबाला पायाशीं सांचलेलें पाणी खपत नाहीं आणि तहानहि सोसत नाहीं. म्हणून खड्डा खणून त्यांत वाळू व कुजलेलें शेणखत मिसळावें लागतें. पाऊस सरल्यावर आश्विनाच्या सुमारास छाटणी केली, म्हणजे सुमारें दीड महिन्यानें फुलें येऊं लागतात. मार्गशीर्ष-पौषाच्या थंडींत पाकळीवर जो रंग चढतो, तो पुन्हां वर्षभर दिसत नाहीं. वैशाखांत त्याच झाडाला फुलविण्याचा हट्ट धरला, तर फूल लहान, कडा करपलेल्या, रंग विटलेला. सर्वांत महाग पाण्याच्या मोबदल्यांत सर्वांत हलका रंग!

याच्या उलट माघांत कांटेसावर, फाल्गुनांत पळस व पांगारा, चैत्र-वैशाखांत बहावा. रानांत यांना कोणी आळें करीत नाहीं. पानांतून जें पाणी उडून जावयाचें, तें पानेंच गाळून हीं झाडें वांचवितात, आणि उघड्या फांद्यांवर फुलें अधिकच उठून दिसतात.

एवढ्यावरून कोणी म्हणेल, गुलाब उपटून टाका. मला हें मान्य नाहीं. डॉ. बी. पी. पाल यांनीं तांबेऱ्याला दाद न देणाऱ्या गव्हाच्या जाती काढल्या, ते भारतीय कृषि अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले, आणि त्याच हातांनीं त्यांनीं गुलाबाचेहि नवे वाण निर्माण केले. भाकरीची काळजी वाहणाऱ्याला फूल वर्ज्य नसतें. तसेंच, परकीं झाडें नकोत, हा सोवळेपणाहि व्यर्थ आहे. गुलमोहर मादागास्करचा, तरी आमच्या उन्हांत तो सुखानें राहतो. उलट ताम्हण राज्याचें फूल खरें, पण तें ओढ्याकांठच्या ओलाव्याचें झाड. परभणीच्या कोरड्या अंगणांत त्याचे लाड पुरवावे लागतील. मातीला कुळाची चौकशी ठाऊक नाहीं.

खरा वाद वेगळाच आहे. "मी पाणीपट्टी भरतों, मग कोणाला कां विचारूं?" हें उत्तर हल्लीं फार ऐकूं येतें. पट्टी ही पाणी पोंचविण्याची मजुरी आहे. पैसे भरल्यानें विहिरीचा झरा वाढत नाहीं; गल्लीच्या टोंकाच्या घराचा हंडा रिकामा राहिला, तर त्याची भरपाई त्या पावतींत होत नाहीं. तेव्हां माझ्या मतें गुलाबांची संख्या ठरवावी ती हौसेवरून नव्हे, तर घरांत भाजी व तांदूळ धुतलेलें पाणी किती झाडांना पुरतें यावरून. बहुधा चार-पांच झाडें निघतील. उन्हाळ्यांत त्यांच्याकडून फुलांची अपेक्षा करूं नये. मुळाशीं पालापाचोळा पसरून तीं जगवावीं, एवढेंच.

त्या दिवसांतला रंग बहाव्याकडे सोंपवावा. अडचण एवढीच, कीं बहावा फुलावयास कित्येक वर्षें घेतो, आणि बदलीच्या नोकरींतल्या माणसाला तोंपर्यंत घर सोडावें लागतें. गुलाब लावणारा आपल्याच हातानें फूल खुडतो. बहावा लावणाऱ्यास तशी हमी नाहीं. पुष्कळ लोक येथेंच थबकतात आणि कुंडी विकत आणतात. त्यांना मी हंसत नाहीं. आपल्या डोळ्यांनीं न दिसणारा रंग दुसऱ्याच्या डोळ्यांसाठीं लावणें ही लहानसहान मागणी नव्हे. ज्याला ती झेपेल त्यानें बी खरवडून, रात्रभर भिजवून पावसाच्या आरंभीं पेरावें. जागा कुंपणाजवळची धरावी, म्हणजे अर्ध्या फांद्या रस्त्यावर झुकतील.