पेरी मेसनचा अशील

"काका, रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनी गुप्तहेरांच्या गोष्टी वाचाव्यात का?"

आमच्या मंडळीतील एका तरुण शिक्षिकेने मागच्या महिन्यात मला हा प्रश्न विचारला. तिच्या हातातील पुस्तकाला वर्तमानपत्राचे वेष्टन होते. ते पाहून मला हसू आले, कारण चाळीस वर्षांपूर्वी मीही अशीच वेष्टने घालीत असे. हैदराबादेत आबिड्सच्या रस्त्यावर रविवारी दुकाने बंद असतात आणि त्यांच्यासमोर पदपथावर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. सकाळची उपासना संपली की पावले आपोआप तिकडे वळत. बायबलची पिशवी खांद्याला आणि हातात अर्ल स्टॅन्ली गार्डनर यांची एखादी मळकी कादंबरी, अशा थाटात मी घरी येत असे. पाळकसाहेबांनी एकदा विचारले, "काय घेतलेत?" मी म्हणालो, "वकिलीवरचे एक पुस्तक आहे." उत्तर अगदीच खोटे नव्हते, पण खरेही नव्हते.

त्या मुलीला मी लगेच उत्तर दिले नाही. तिच्या प्रश्नाच्या आत आणखी एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो मला या गोष्टींनीच एकदा फार कठीण रीतीने शिकविला. तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटते.

प्रथम या लेखकाविषयी थोडे सांगतो. गार्डनर यांचा जन्म १८८९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. कायद्याचे रीतसर शिक्षण त्यांना मानवले नाही. वकिलांच्या कचेरीत काम करीत ते स्वतःच शिकले आणि १९११ साली कॅलिफोर्नियात त्यांना वकिलीची सनद मिळाली. गरीब चिनी आणि मेक्सिकन माणसांची वकीलपत्रे ते घेत. त्यात पैसा फारसा नव्हता. म्हणून दिवसा कोर्ट आणि रात्री टंकलेखनयंत्र, असा त्यांचा क्रम १९२० नंतरच्या वर्षांत सुरू झाला. त्या काळी अमेरिकेत लाकडाच्या लगद्याच्या खरबरीत, स्वस्त कागदावर कथामासिके निघत. कागदावरूनच त्यांना 'पल्प' हे नाव पडले. या मासिकांत लेखकाला शब्दांवर पैसे मिळत. गार्डनर यांनी वर्षाला १२ लाख शब्द लिहिण्याचे उद्दिष्ट स्वतःला घालून घेतले होते. तुमचे नायक शेवटच्या गोळीनेच खलनायकाला का मारतात, असे कोणी विचारले, तर ते थट्टेने सांगत की शब्दाला तीन सेंट मिळत असताना पिस्तुलात गोळ्या शिल्लक ठेवून गोष्ट संपविणे परवडत नाही. आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा ज्यांनी रात्री जागून वाचल्या आहेत, त्यांना अशा अफाट लेखणीचे नवल वाटायला नको.

१९३३ साली गार्डनर यांनी पेरी मेसन हा वकील निर्माण केला आणि १९७० साली मृत्यू येईपर्यंत त्याच्यावर ऐंशीहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. १९५७ ते १९६६ या काळात दूरदर्शनवरील मालिकेने तो अमेरिकेत घरोघरी पोहोचला. गोष्टीचा साचा ठरलेला असे. अडचणीत सापडलेला माणूस मेसनच्या कचेरीत येतो. लवकरच कोणाचा तरी खून होतो आणि सगळा पुरावा या अशिलाकडेच बोट दाखवितो. त्यातून अशिलाने काहीतरी लपविलेले असते, त्यामुळे त्याची बाजू आणखी लंगडी पडते. सरकारी वकील हॅमिल्टन बर्गर यांना आपण जिंकलोच असे वाटते. मग मेसन उलटतपासणीला उठतो, एकेक धागा उसवतो आणि अखेरीस खरा गुन्हेगार उघडा पडतो.

या गोष्टींत दोष नाहीत असे मी म्हणणार नाही. विशेषतः सुरुवातीच्या कादंबऱ्यांत मेसन पुराव्याशी असे काही खेळ करतो की आपल्या मुलांनी त्याचा कित्ता गिरवू नये. तरी त्यांत एक मोठा संस्कार आहे. ज्याच्याविरुद्ध सगळे जग उभे आहे, त्याच्या बाजूनेही कोणीतरी उभे राहिले पाहिजे, हा तो संस्कार. तो वायाही गेला नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायाधीश सोनिया सोटोमायोर यांनी २००९ साली आपल्या नेमणुकीच्या चौकशीत सिनेटपुढे लहानपणी पाहिलेल्या या मालिकेची आठवण सांगितली. एका भागात हरलेला सरकारी वकील म्हणतो की दोषी माणसाला शिक्षा झाली म्हणजे माझे काम होते, तसे निर्दोष माणूस सुटला म्हणजेही होते. त्या एका बोलण्याने सरकारी वकील होण्याची ओढ आपल्याला लागली, असे त्यांनी सांगितले.

मग मी अशा पुस्तकांची चळत वाचून काय शिकलो? आता माझी गोष्ट सांगतो.

त्या वर्षी नाताळच्या कार्यक्रमासाठी मुलांनी पैसे गोळा केले होते. डबा वर्गाच्या कपाटात असे. एका रविवारी डबा उघडला तेव्हा १२० रुपये कमी भरले. आदल्या रविवारी वर्ग आवरायला एक बारा वर्षांचा मुलगा मागे राहिला होता. त्याचे वडील पूर्वी एका चोरीच्या प्रकरणात पकडले गेले होते आणि ही गोष्ट मंडळीत सर्वांना ठाऊक होती. मी त्याच्यावर आरोप केला नाही. मी केवळ सर्व मुलांसमोर त्याला विचारले, "गेल्या रविवारी कपाट कोणी बंद केले? तूच ना?"

तो "हो" म्हणाला. वर्गात कोणी बोलले नाही. सगळ्या माना मात्र त्याच्याकडे वळल्या. मला वाटले, मी किती संयमाने वागलो! पुढच्या रविवारी तो आला नाही.

नऊ दिवसांनी आमच्या नाटिकेच्या पोशाखांचे काम पाहणाऱ्या बाई सोलापूरहून बहिणीकडून परतल्या. देवदूतांचे झगे शिवणाऱ्या शिंप्याला द्यायला त्यांनी डब्यातून १२० रुपये घेतले होते. तशी चिठ्ठीही लिहिली होती. ती गीतांच्या पुस्तकात राहून गेली. पेरी मेसनच्या गोष्टीत शेवटी दुसरा गुन्हेगार सापडतो. आमच्या गोष्टीत गुन्हेगारच नव्हता. एका शिंप्याचे बिल तेवढे होते.

त्याच संध्याकाळी मी मुलाच्या घरी गेलो आणि त्याची क्षमा मागितली. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. म्हणाला, "सर, तुम्ही विचारलंत तेव्हा सगळे बघत होते. आता कोणीच नाही." त्याच्या आईने त्याला गप्प केले आणि मला चहा दिला. पुढच्या रविवारी मी सर्व मुलांसमोर आणि नंतर मंडळीसमोरही माझी चूक सांगितली. पण ज्याने ती ऐकायला हवी होती, तो तेथे नव्हता. तो पुन्हा कधीच वर्गात आला नाही. काही वर्षांनी ते कुटुंब गाव सोडून गेले.

त्या रात्री माझ्या उशाशी अर्धी वाचलेली पेरी मेसनची कादंबरी होती. तिच्यातील तरुणीवर सगळा पुरावा उलटला होता आणि ती निर्दोष आहे याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. मी स्वतःला विचारले, पुस्तकातल्या अनोळखी तरुणीवर जो विश्वास मी ठेवला, तो समोरच्या मुलावर का ठेवू शकलो नाही?

उत्तर सोपे आहे आणि लाजिरवाणेही आहे. ती तरुणी निर्दोष आहे हे लेखकाने मला आधीच सांगून ठेवले होते. ती मेसनचा अशील होती आणि मेसनचा अशील निर्दोष असतो. १९५६ सालच्या एका कादंबरीत ज्यूरी अशिलाला दोषी ठरविते, तर वाचकांना केवढा धक्का बसला! म्हणजे पानोपानी मी न्यायाच्या बाजूने उभा आहे असे मला वाटत होते. वास्तविक मी निकाल ठाऊक असलेल्या बाजूने उभा होतो. त्याला काहीच किंमत पडत नाही. खऱ्या आयुष्यात कोणाच्याही कपाळावर 'हा निर्दोष' असे लिहिलेले नसते. तेथे आपण पुरावा पाहण्याआधी माणसाचा बाप पाहतो, वस्ती पाहते डोळे, कपडे पाहतात, मागच्या चुका आठवतात आणि मग त्यालाच आपण अनुभव म्हणतो.

हा फरक खुद्द गार्डनर यांना पुरेपूर कळला होता असे दिसते. विल्यम लिंडली नावाच्या, फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याचे कागद त्यांच्याकडे आले. त्यांनी ते पुन्हा वाचले, कोण साक्षीदार कोणत्या वेळी कोठे होता याचे वेळापत्रक मांडले आणि शिक्षेत गंभीर शंका आहे असे अधिकाऱ्यांना कळविले. त्याची फाशी टळली. पुढे १९४८ साली 'आर्गोसी' या मासिकाच्या आधाराने त्यांनी 'कोर्ट ऑफ लास्ट रिसॉर्ट', म्हणजे अखेरच्या आश्रयाचे न्यायालय, हा उपक्रम सुरू केला. त्याला कायद्याचा कोणताही अधिकार नव्हता. वैद्यक जाणणारा वकील, खासगी गुप्तहेर, खोटे ओळखण्याच्या यंत्राचा तज्ज्ञ अशी मंडळी त्यात होती. ज्यांचे सर्व मार्ग संपले आहेत अशा कैद्यांची प्रकरणे ते पुन्हा तपासत आणि निष्कर्ष वाचकांपुढे ठेवीत.

त्यांच्या पहिल्या प्रकरणांपैकी एक क्लॅरन्स बोगी याचे होते. तो जंगलात लाकूडतोड करणारा मजूर. वॉशिंग्टन राज्यात एका खुनासाठी त्याला जन्मठेप झाली होती आणि त्याच्या नावावर आधीच्या शिक्षाही होत्या. अशा माणसाचे कोण ऐकणार? पण तपास झाला आणि दहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढल्यावर तो बाहेर आला. येथे उत्तर आधी लिहून ठेवणारा लेखक नव्हता. मदत मागणाऱ्यांत खरोखरचे गुन्हेगारही असत. प्रत्येक पत्र उघडताना, हा माणूस खोटे बोलत असेल, ही शक्यता धरूनच त्याचे ऐकावे लागे. कादंबरीतील न्यायापेक्षा हा न्याय कितीतरी कठीण. वर्षाला १२ लाख शब्द लिहिणाऱ्या माणसाने आपला मोलाचा वेळ त्याला दिला, हे मला त्यांच्या सर्व कादंबऱ्यांहून मोठे वाटते. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या 'इनोसन्स प्रोजेक्ट' या संस्थेने डीएनए चाचणीच्या साहाय्याने पुढे हेच काम केले.

तरी प्रश्न येथे संपत नाही. समजा, तो मुलगा खरोखरच चोर असता, तर? मग सर्वांसमोर त्याची मान खाली घालण्याचा मला अधिकार मिळाला असता काय? निर्दोष माणसाचा कैवार घेणे अवघड असले तरी त्यात निदान शेवटी टाळ्या आहेत. दोषी माणसाच्या शेजारी उभे राहून, त्याचे अपराध न लपविता, त्याला माणूस म्हणून वाचविण्यात टाळ्या नाहीत. पेरी मेसनच्या गोष्टी आपल्याला पहिल्या पायरीपर्यंत नेतात. दुसरी पायरी त्यांच्या हाती नाही. आपल्या शास्त्रात 'कैवारी' हे नाव कोणाला दिले आहे आणि 'दोष देणारा' कोणाला म्हटले आहे, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. त्या कैवाऱ्याकडे जे अशील जातात त्यांत निर्दोष कोणीच नसतो, हेही सांगायला नको. मग वर्गात मुलांसमोर उभे राहताना आपण दोघांपैकी कोणाची खुर्ची घेतो, हे प्रत्येक शिक्षकाने स्वतःशी पाहावे.

मी त्या दिवसानंतर एक नियम केला. शंकेचा प्रश्न एकट्याला बाजूला घेऊन विचारायचा. आणि चूक माझी निघाली, तर ती मात्र चारचौघांत सांगायची. नियम साधाच आहे. तो मला एका मुलाने दारात उभे राहून शिकविला आणि त्याची किंमत त्यानेच मोजली.

त्या शिक्षिकेला मी मग म्हणालो, "अवश्य वाच, बाई. वेष्टनही काढून टाक. फक्त पुस्तक मिटल्यावर एवढे आठवायचे की खरा अशील पुस्तकाबाहेर आहे, आणि तो निर्दोष आहे की नाही हे तुला कोणी आधी सांगणार नाही."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "काका, तो मुलगा आता कुठे असेल?"

मला ठाऊक नाही. दरवर्षी नाताळचा डबा उघडताना मला त्याची आठवण होते.