चिखलातली गाडी

दिवाळी उरकली की धारूर, वडवणी, पाटोद्याकडच्या वाड्या-तांड्यांवर कितीतरी घरांना कुलपं लागतात. जोडपी कोयता घेऊन फडावर जातात, शाळेची पोरं आजीपाशी राहतात. अशाच एका ओसरीवर नववीतला नातू विज्ञानाचं पुस्तक घेऊन अडून बसला होता. धडा गतीच्या नियमांचा. "आज्जे, बैल गाडीला जेवढं ओढतो, तेवढंच गाडी बैलाला माघारी ओढती म्हणं. मग गाडी हालतीच कशी?" वीस हंगाम ऊस तोडलेली आजी. 'गप पाठ कर' म्हणाली असती तरी कुणी बोल लावला नसता. ती म्हणाली, "चिखलात गाडी अडल्यावर तुझा बाप काय करतो रं?" पोरगं म्हणालं, "पाचट टाकतो. चाकाखाली, बैलाच्या पायाखाली बी." "मग पायाखाली कशापायी?"

इथे पोराच्या डोक्यात उजेड पडला. बैल खुरांनी जमिनीला मागे रेटतो, जमीन त्याला तितक्याच जोराने पुढे ढकलते. गाडीची माघारी ओढ बैलाला बसते, बैलाची ओढ गाडीला. दोन्ही बळं सारखी, पण एकाच वस्तूवर नाहीत. मग ती एकमेकांना खोडतील कशी? बैलाची ओढ चाकांच्या अडथळ्याला भारी पडली की गाडी हालते. चिखलात खूर घसरतो, जमिनीला नीट रेटताच येत नाही. मग बैल कितीही ताकदीचा असो, जागीच झटत राहतो. पाचटाने खुराला पकड मिळते.

प्रश्नाला प्रश्नानेच वाट दाखवायची ही रीत जुनी आहे. भास्कराचार्यांचं गाव म्हणजे आपलं बीड, असं काही अभ्यासक मानतात. चाळीसगावजवळच्या पाटण्याचा दावाही मोठा आहे, तो वाद राहू द्या. ११५० साली लिहिलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'त पृथ्वी खाली का पडत नाही, या शंकेवर त्यांनी उलट विचारलं आहे: चहूकडे आकाश सारखंच, तर ती पडेल कुठे? आपण मात्र सकाळच्या घाईत 'सरांना विचार' म्हणून मोकळे होतो. उत्तर येत नाही याची लाज वाटत असावी. "मलाही नाही माहीत, बघू या का?" एवढं म्हणायला डब्याचं झाकण लावण्याइतकाच वेळ लागतो.

चैत्रात पोराचे आईबाप परत आले. ऊन तापलं होतं, घरात नवा माठ आला होता. "आज्जे, जुन्या माठापेक्षा ह्यातलं पाणी गार का?" आजी भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "दोन्ही माठांना भायेरून हात लावून बघ की." नवा ओलसर लागला, जुना जवळजवळ कोरडा. पोरगं हात तसाच माठावर ठेवून उभं राहिलं.