दुसऱ्याच्या लेकरासाठी मागणं



यंदाचं वह्यावाटप छान पार पडलं. त्यानंतर ग्रुपवर एक प्रश्न आला, त्यावर जरा सविस्तर लिहावंसं वाटलं. शाळेसाठी, अंगणवाडीसाठी अर्ज घेऊन कचेरीत जाणं ही सेवा की राजकारण? आपण देणारे लोक, मग मागायला का जायचं, असं आपल्यातल्या एका काकांचं म्हणणं.

काकांचा मान राखून सांगते, मला हे पटत नाही. वही घेताना मूल आपल्या पाया पडतं, फोटो निघतो, आपल्यालाही बरं वाटतं. हक्काच्या बाकावर बसताना मात्र त्याला कोणापुढे वाकावं लागत नाही. यातलं मोठं कोणतं?

आपल्या बडोद्याला तरी हे नवीन नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, 1906 साली सगळ्या राज्यात. ब्रिटिश मुलखातही तसं व्हावं म्हणून गोखल्यांनी 1911 मध्ये विधेयक मांडलं. पुढच्या वर्षी ते 13 विरुद्ध 38 मतांनी पडलं. साऱ्या देशात 6 ते 14 वर्षांच्या मुलांना हक्क देणारा कायदा लागू झाला तो 1 एप्रिल 2010 ला! मधली जवळजवळ शंभर वर्षं दानधर्म काही थांबला नव्हता.

पण सक्तीलाही दुसरी बाजू आहे. महाराजांच्या कायद्यात मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. हातावर पोट असलेल्याला दंड केला, तर घरातलं काय कमी होतं ते आपण बायकांनी ओळखावं. वाटपाच्या दिवशी नऊ-दहा वर्षांची एक मुलगी आली होती, कडेवर धाकटा भाऊ. शाळेत नाव आहे, पण हजेरी नाही. आई चार घरची कामं करते, अंगणवाडी दुपारच्या आत बंद होते, मग बाळाला कोण बघणार? मुलाला शिकवणं हे पालकाचं कर्तव्य म्हणून राज्यघटनेत, कलम 51अ मध्ये, लिहिलेलं आहे. खरंय. पण त्या आईला कर्तव्य ऐकवायचं आणि बाळ तिच्याच पदरात ठेवायचं, हा कुठला न्याय?

त्या मुलीला दहा वह्या दिल्या तरी कोऱ्याच राहतील. तिला पाळणाघर हवंय. केंद्र सरकारच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवता येतं. रोजची पगारी बाई, खाणंपिणं, लहान जिवांची जबाबदारी, हे आपल्या वर्गणीतून वर्षानुवर्षं निभणारं नाही. मागावंच लागेल.

आणि मागायची जागाही आहे. कायद्यानुसार सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या सभासद बायका. तिथे त्या आईनेच बोलावं. आपण अर्ज लिहून द्यायचा, शेजारी बसायचं, आणि तिथून अंगणवाडीच्या कचेरीत तिच्याबरोबर जायचं. पक्षाचा झेंडा नको, आणि हो, आपल्या मंडळाचा बॅनरही नको.

अर्जाचा कच्चा मसुदा मी गुजरातीतून केलाय. गुरुवारच्या आरतीनंतर वाचून दाखवेन. ज्यांचं गुजराती पक्कं आहे त्यांनी थांबावं. त्या ताईंना भेटायला जायचं तर दुपारी तीननंतर जा, त्याआधी त्या घरी नसतात.